विश्वास आपल्यापुरता ठेवायचा की दुसऱ्याला सांगायचा?

साधाशिष्य:
परवा एका मित्राने तोंडावरच विचारलं, तुम्हा ख्रिस्ती लोकांना आपला विश्वास आपल्यापाशी ठेवता येत नाही का, दुसऱ्याला सांगितल्याशिवाय चैनच पडत नाही का. तेव्हा धड बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. मला वाटतं सांगायलाच हवं, आणि फक्त आज्ञा आहे म्हणून नाही. आज्ञा तर आहेच, बायबलमध्ये मत्तय २८ च्या शेवटी येशू आपल्या शिष्यांना सांगतो, सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. पण बायबलमधल्याच योहानाच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातला आंद्रिया बघा, येशूचा शिष्य, त्याला तेव्हा कुणी जा म्हणून सांगितलं नव्हतं, एक दिवस येशूजवळ राहिला आणि आधी भावाला, शिमोनाला गाठलं, आम्हाला मसीहा, म्हणजे देव पाठवणार होता तो तारणारा, सापडलाय म्हणाला. सुवार्ता, म्हणजे येशूबद्दलची आनंदाची बातमी, पोटात राहतच नाही. येशूच मार्ग आहे असं मी मनापासून मानतो आणि २० वर्षांच्या मित्राजवळ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, मग एकतर मी मानत नाही नाहीतर मला मित्राची पर्वा नाही. तिसरं काही मला तरी सुचत नाही.

नदीकाठ:
तिसरं मी सांगते, आदर. माझे वडील आयसीयूत होते, मी बाहेर बाकावर, दोन रात्री झोप नाही, हातात औषधांची चिठ्ठी. एक अनोळखी बाई शेजारी येऊन बसल्या, माझं नाव विचारलं नाही, आत कोण आहे विचारलं नाही, हातात पत्रक दिलं आणि म्हणाल्या विश्वास ठेवा, बरे होतील. वडील तिसऱ्या दिवशी गेले. मग काय, माझा विश्वास कमी पडला म्हणून गेले? हा प्रश्न घेऊन मी किती महिने काढले ते त्या बाईंना कधी कळणारही नाही. माणूस खचलेला असताना गाठायचं याला मी प्रेम म्हणणार नाही.

जुनाकंदील:
मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि तरी साधाशिष्य यांचं पटत नाही. ती आज्ञा ११ शिष्यांना होती, आपल्याला नाही. उलट मत्तय २३ मध्ये येशू परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना, काय म्हणतो ते वाचा, एक माणूस आपल्या मतात आणायला समुद्र आणि जमीन पालथी घालता आणि मग त्याला आपल्याहून दुप्पट बिघडवता. लोकांनी आपली चांगली कामं बघावीत असंही त्यानेच सांगितलंय, बडबड ऐकावी असं नाही.

पायवाट:
११ जणांनाच होती हा वाद फार जुना आहे हो. विल्यम केरी, भारतात आलेला इंग्रज मिशनरी, मुळात जोडे शिवण्याचं काम शिकलेला माणूस, त्याने १७९२ च्या पुस्तिकेत हेच खोडलंय. आज्ञा प्रेषितांपुरतीच, म्हणजे त्या शिष्यांपुरतीच, असेल तर बाप्तिस्माही, म्हणजे पाण्याने दीक्षा द्यायचा विधीही, त्यांच्यापुरताच, तो त्याच वाक्यात आहे ना, मग आपण अजून का देतो? आणि नुसत्या कामांवरून लोक म्हणतील माणूस चांगला आहे, येशूचं नाव त्यांना कुठून कळणार.

नदीकाठ:
तुमचा वचनांचा वाद चालू द्या. माझ्या बाकाचं काय ते सांगा.

साधाशिष्य:
ताई, ते चुकलंच. बरे होतील असा शब्द द्यायचा त्या बाईंना काही अधिकार नव्हता. पौल एवढा मोठा प्रेषित, त्याने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, नाही निघाला, त्याचा काय विश्वास कमी होता? तुमच्यामुळे वडील गेले नाहीत हो. बायबलमधला ईयोब, सगळं गमावून दुःखात बसलेला माणूस, त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर बरोबर होते, तोंड उघडलं आणि घोळ झाला. तुमच्याजवळ आधी कुणीतरी तसं बसायला हवं होतं. येशूचा शिष्य पेत्रही म्हणतो उत्तर द्यायला तयार राहा, पण विचारणाऱ्याला आणि सौम्यपणे. तरी सांगणंच सोडा असं मी म्हणणार नाही. बायबलमधली ती शमरोनी बाई, शोमरोन प्रांतातली, येशूला विहिरीवर भेटली आणि गावात जाऊन म्हणाली, चला, बघा, आणि नंतर तेच लोक तिला म्हणाले आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. आपलं काम 'चला, बघा' इथपर्यंतच, पुढचं आपल्या हातात नाही.

नदीकाठ:
काट्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाकी माझं मत तेच आहे, न विचारता सांगू नये. आणि 'चला' म्हटल्यावर समोरचा 'नको' म्हणाला तर विषय तिथेच सोडायचा, हे तुमच्या लोकांनाही सांगा.