पहिलारू कालवड: पंधराव्या महिन्यात फळवावी की थांबावे?

सांवेर रस्ता (इंदूरजवळचा गोपालक, चर्चेचा प्रस्ताव):
माझा भाचा सध्या इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यात एका पशुपालकाकडे काम करतो. तांबडे अंग आणि पांढरे तोंड असलेल्या हेरफर्ड गाईंचा हा मूळ प्रदेश असून त्यांच्या वंशावळीची नोंदवही १८४६ साली प्रथम छापली गेली. तिकडे कालवड चौदा-पंधरा महिन्यांची झाली की फळवतात, म्हणजे गाभण करून घेतात, आणि दोन वर्षांची होता होता ती व्याते. आपल्याकडे इंदूरच्या आसपास संकरित कालवडीचे पहिले वेत (पहिले विणे) तीन वर्षांवर गेले तरी कोणाला त्याचे काही वाटत नाही. ती वर्षभर गव्हाणीवर उभी राहून भुसा, मुरघास आणि पेंड खाते, दूध मात्र शून्य. भाच्याने सांगितलेला नियम साधा आहे. फळवताना कालवड तिच्या प्रौढ वजनाच्या ६५ टक्के आणि व्याताना ८५ टक्के असावी. हेरफर्ड गाय साडेसहाशे किलोची होणार असेल, तर पंधराव्या महिन्यात सुमारे ४२० किलो आणि व्याताना साडेपाचशे. आपली संकरित गाय चारशे किलोची धरली, तर पंधराव्या महिन्यात २६० किलो पुरतात. जन्मताना २८ किलोची असलेली कालवड रोज अर्धा किलो वाढली तरी हे जवळजवळ साधते. मग आपण थांबतो ते केवळ सवयीने, असे माझे स्पष्ट मत आहे.

देपालपूरचा शेतकरी:
सांवेरकर साहेब, आपला हिशेब कागदावर बरोबर आहे, पण त्यातील जनावर वेगळे आहे. हेरफर्ड ही मांसासाठी पाळलेली जात आहे. व्यायल्यावर तिला एक वासरू पाजायचे असते, सकाळ-संध्याकाळ बादली भरून द्यायची नसते. आपली पहिलारू (पहिल्यांदाच विणारी) दोन वर्षांची व्याली, तर तिला एकाच वेळी स्वतःचे अंग वाढवायचे, दहा लिटर दूध द्यायचे आणि पुन्हा माजावर यायचे. यातले तिसरे काम ती सोडून देते. पहिल्या वेतात वाचवलेले वर्ष दुसऱ्या वेतात व्याजासकट जाते.

दुसरे म्हणजे, तिकडे कालवड गाभण राहिली नाही किंवा व्याताना बिघडली, तर ती मांसाच्या भावाने विकून पशुपालक मोकळा होतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिषेध कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या घरात कोणी तसे केले नसते. बिघडलेली कालवड आम्ही पुढची दहा-बारा वर्षे सांभाळतो. त्यांचा धोका एका हंगामाचा आणि आमचा जन्माचा, हे लक्षात न घेता त्यांचा नियम उचलणे मला धाडसाचे वाटते.

आणि हे मी ऐकीव सांगत नाही. चार वर्षांपूर्वी घाईने, सोळाव्या महिन्यात, एक हडकुळी कालवड होल्स्टीन या थोराड जातीच्या रेतमात्रेने (वळूच्या गोठवलेल्या वीर्याने) फळवली होती. व्याताना चार जणांनी दोर ओढला, तरी वासरू मेलेले निघाले. कालवडीचे मागचे पाय असे फाकले की ती तीन आठवडे उठली नाही. आजही ती गोठ्यात आहे, चालताना पाय घसटते आणि तिचे दुसरे वेत झालेले नाही.

राऊची गोपालक:
मी कोणाच्या बाजूने बोलत नाही, पण एक गोष्ट दोघांच्याही लिखाणात राहिली आहे. पहिलारू कित्येकदा रात्रीच व्याते, घरातील सारे झोपलेले असतात, आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. वय पंधरा महिने असो की पंचवीस, अडलेली कालवड वेळेवर कोणाला दिसली नाही तर तो सगळा हिशेब फुकट आहे.

महूचा निवृत्त पशुवैद्य:
महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी पुढे याच परिसरात नोकरी केली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

देपालपूरकरांच्या कालवडीचे दुःख मी समजू शकतो, पण दोष त्यांनी सोळाव्या महिन्यावर टाकला आहे, तो तेथे नाही. कालवड अडते ती मुख्यतः वासराचे आकारमान आणि तिच्या कमरेच्या हाडांतील वाट यांचा मेळ बसत नाही म्हणून. शुद्ध होल्स्टीनचे वासरू जन्मताना चाळीस किलोच्या आसपास असते, जर्सीचे पंचविसाच्या जवळ. लहान चणीच्या कालवडीला होल्स्टीनची रेतमात्रा दिली, तर ती अठरा महिन्यांची असो की तीस, संकट तेच. हेरफर्डवालेही नेमके हेच पाळतात. पहिलारूसाठी ते कमी जन्मवजनाची वासरे देणारा वळू नोंदी पाहून निवडतात, कित्येक जण कालवडीच्या कमरेतील वाट मोजमापाने तपासून अरुंद असलेल्या आधीच बाजूला काढतात. हेरफर्डच्या काही वंशांत गाभणपणाच्या शेवटी मायांग (योनीचा भाग) बाहेर येण्याची खोड पिढीजात असते, त्या वंशाच्या कालवडी ते पुढे ठेवत नाहीत. आपण मात्र गोठ्यात रेतन करणारा आला की त्याच्या डब्यात रेतमात्रेची जी कांडी असेल ती घेतो. पहिल्या वेताला जर्सीची किंवा लिंगनिर्धारित रेतमात्रा मागावी. लिंगनिर्धारित मात्रेत सुमारे नव्वद टक्के कालवडीच जन्मतात आणि मादी वासरू नरापेक्षा दोन-तीन किलोंनी हलके असते. गाभण राहण्याचे प्रमाण थोडे कमी मिळते, हे मात्र मान्य करावे लागेल.

एक गैरसमजही येथेच काढून टाकतो. पोटातले वासरू लहान राहावे म्हणून शेवटचे दोन महिने खुराक तोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने वासरू फारसे लहान होत नाही, कालवडीची जोर करण्याची ताकद मात्र जाते. उलट टोकाला जाऊन तिला तुपट करू नये, कारण चरबी वाटेतच साचते.

ऐन वेळी काय करावे, तेही सांगतो. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) किंवा पाय दिसल्यावर तासाभरात काही पुढे सरकले नाही, तर हात धुऊन तपासावे अथवा डॉक्टरला बोलवावे. दोर खुराच्या वरच्या सांध्याच्याही वर बांधावा, कालवडीने जोर केला तेव्हाच ओढावे, आणि दोन माणसांच्या बळावर जे निघत नाही ते चार माणसांनी ओढू नये. देपालपूरकरांच्या कालवडीचे पाय गेले ते बहुधा वाटेतील नस चिरडल्याने. वार (वासरामागून पडणारी जार) बारा तासांत पडली नाही तर हाताने ओढू नये. चीक मात्र पहिल्या दोन तासांत पाजावाच, तीस किलोच्या वासराला दीड लिटर, आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच.

सांवेर रस्ता:
डॉक्टरसाहेब, आपले आभार. राऊच्या ताईंना सांगण्यासारखे एक आहे. कॅनडातील मॅनिटोबात गस कोनेफाल नावाच्या हेरफर्ड पाळणाऱ्याने १९७० च्या दशकात असे पाहिले की वैरणीचा एक हप्ता दुपारच्या सुमाराला आणि दुसरा रात्री साडेनऊ-दहाला टाकला, तर बहुतेक गाई दिवसा व्यातात. शेवटचा महिनाभर तसे करायला खर्च काहीच नाही.

वळूचा मुद्दा मला पूर्णपणे पटला. तरीही देपालपूरकरांचे ‘थांबा’ मला मान्य नाही. वजन भरलेली कालवड आणखी आठ महिने उभी ठेवली, तर ती केवळ चरबी चढवते, आणि चरबीबद्दल डॉक्टरांनी काय लिहिले ते आपण वाचलेच.

देपालपूरचा शेतकरी:
डॉक्टरसाहेब, होल्स्टीनची चूक माझी होती, हे मी मान्य करतो. परंतु ‘वजन भरलेली’ हे आपण सारे सहज म्हणतो, तोलकाटा कोणाच्या गोठ्यात आहे? रोजची अर्धा किलो वाढ आपल्या किती जणांकडे मिळते? सोयाबीनचे कुटार आणि गव्हाचा भुसा यांवर साडेतीनशे ग्रॅम मिळाली तरी पुष्कळ, आणि त्या चालीने २६० किलो व्हायला बावीस महिने लागतात. म्हणजे आमच्या गोठ्यांत माझे ‘थांबा’ आणि आपला ६५ टक्क्यांचा नियम एकाच महिन्यात येऊन मिळतात. मग पंधराचा आकडा कशासाठी मिरवायचा?

महूचा निवृत्त पशुवैद्य:
तोलकाट्याची गरज नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने गुणावे, मग लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोत येते. घेर ६० आणि लांबी ४८ असेल, तर सुमारे २६२ किलो.

सांवेर रस्ता:
मी आज सकाळीच माझ्या पंधरा महिन्यांच्या कालवडीला टेप लावली. घेर ५७, लांबी ४६, म्हणजे २२६ किलो. मी तिला याच माजावर फळवणार होतो. चौतीस किलो कमी आहेत, रोज साडेचारशे ग्रॅम वाढ धरली तरी अडीच महिने. रेतन करणाऱ्याला येऊ नका म्हणून कळवले आहे.

देपालपूरचा शेतकरी:
टेप वैरणीच्या आधी लावली की नंतर? भरल्या पोटाचे मोजले असेल, तर तीन महिने धरा.