टायगर १३१ : इंजिन बदललं म्हणून नकली?

कृष्णाकाठ
इंग्लंडातल्या बोविंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा आहे. त्याच्याबद्दल काल इथे एकाने ठोकून दिलं : "बोविंग्टनचा टायगर १३१ निम्मा नकली. इंजिन दुसऱ्याचं, रंग नवा. वर्षातून दोनदा पळवून झिजवतात. गुमान काचेत ठेवा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२४ एप्रिल १९४३ ला ट्युनिशियात इंग्रजांच्या चर्चिल रणगाड्यांचे सहा-पौंडी गोळे याला लागले. एक तोफेच्या नळीखालून घासत टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) कड्यात रुतला, टरेट फिरेना, आतली माणसं सोडून पळाली. नळीखालची ती खूण मी वाकून पाहिलीय. ती नकली आहे का? १९९० ला काम सुरू झालं, डिसेंबर २००३ ला रणगाडा संग्रहालयात परत आला. मूळ एचएल २१० इंजिनाच्या जागी टायगर टू या पुढच्या रणगाड्याचं एचएल २३० बसवलं. पण पहिल्या २५० टायगरांनंतर जर्मनांनीच टायगरला एचएल २३० घातलं होतं!

आणि काचेत ठेवून काय कळणार? ती एकात एक घुसलेली चाकं चालताना बघितली, त्यांच्या फटींत भरलेली माती बघितली, तेव्हा मला कळलं की रशियातल्या थंडीत रात्रीत चिखल गोठून गाडी जागेवर का अडकायची.

डबाभर बोल्ट
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका.

तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. १३१ पहिल्या २५० मधला, म्हणूनच तर त्याचं २१० मोलाचं. ॲल्युमिनियमचा २१ लिटरचा ब्लॉक गेला, २३ लिटरचा बिडाचा आला, आणि तो बसावा म्हणून इंजिनखोलीच्या आडभिंतींत फेरफार केले. मूळ पत्र्याला हात लावलाच ना?

आमच्याकडे १९४४ ची फोर्ड जीप आहे. वडिलांनी ऐंशीच्या सुमारास तिच्यात डिझेल इंजिन घातलं आणि पेट्रोलचं किलोवर भंगारात दिलं. मिस्त्रीने बोल्टही बदलले. जुने मी डब्यात जपलेत, प्रत्येकाच्या डोक्यावर फोर्डचा 'एफ' आहे. गाडी झकास चालते. पण त्या डब्याकडे बघून मला काय होतं ते तुम्हाला कळणार नाही.

नगरवाला
इंजिनावरून भांडताय, पण याला लोळवणारा चर्चिल कुणी बघितलाय का? त्याच जातीचा नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे. जाऊन बघा.

आणि ट्युनिशिया म्हटलं की सगळे इंग्रजांचंच नाव घेतात. आपली चौथी भारतीय डिव्हिजन तिथे लढली. १२ मे १९४३ ला जर्मन सेनापती फॉन आर्निम तिच्याच हद्दीत शरण आला. माझे आजोबा तिच्यात ट्रकवर ड्रायव्हर होते. 'टायगर पकडला तेव्हा आम्ही तिथेच होतो' असं ते सांगायचे.

कृष्णाकाठ
आजोबांबद्दल आदर आहे, पण हे जुळत नाही. एप्रिलअखेरपर्यंत चौथी डिव्हिजन ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीत, गार्सीच्या डोंगराकडे होती. टायगर सापडला त्यांच्याच दुसऱ्या फौजेच्या, फर्स्ट आर्मीच्या आघाडीवर.

नगरवाला
म्हणजे आजोबा खोटं बोलले? पायात छर्रा घेऊन गेला तो माणूस. तुम्ही तिकीट काढून रणगाडा बघून आलात आणि आम्हाला शिकवताय?

डबाभर बोल्ट
इथे मी कृष्णाकाठांच्या बाजूने आहे, नाइलाजाने. नगरवाले, खोटं कुणीच म्हटलेलं नाही. पुढे तो टायगर ट्युनिसला आणला, खुद्द राजा सहाव्या जॉर्जने तो तिथे पाहिला. कुठला तरी टायगर आजोबांनीही पाहिला असेल. पण पाहणं वेगळं, पकडला तेव्हा हजर असणं वेगळं.

नगरवाला
'असेल' नाही. पाहिलाच. चाकं मोजली होती म्हणायचे.

कृष्णाकाठ
ठीक आहे, मोजली असतील. मी तारखेपुरतंच बोललो. जरा तोडून बोललो, तेवढं मान्य.

बोल्टसाहेब, आडभिंतींचा मुद्दा मी टाळला होता. तो बरोबर आहे, तिथे मूळचं गेलं ते गेलं. पण तुमची जीप वडिलांनी तशीच पेट्रोलवर परड्यात उभी ठेवली असती, तर आज ती उरली असती का?

डबाभर बोल्ट
नसती. पत्रा कुजून गेला असता. एवढं देतो तुम्हाला. पण वडिलांना शेतावर जायला गाडी लागत होती, संग्रहालयाला कुठे जायचंय? वर्षातून दोनदासुद्धा नको. नवं बेअरिंग घालता येईल, मूळ गिअर दात तुटल्यावर आणणार कुठून?

नगरवाला
आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. रविवारी उतरवून पे-बुकाच्या (सैनिकाच्या नोंदवहीच्या) पानांचा फोटो टाकतो. एप्रिलमध्ये कुठे होते ते त्यात असेल तर तेच खरं मानू. कृष्णाकाठ, तुम्हीही मानायचं.