अनुभव धागा: व्यायाम, घर आणि उपासना – पहाटेचे दोन तास कोणाचे?

आषाढी वारीच्या आधीचे तीन-चार महिने आमच्या घरात दर वर्षी एकच प्रश्न उभा राहतो: पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास नेमके कोणाचे? चालण्याचा सराव तेव्हाच होतो, पूजा आणि हरिपाठ तेव्हाच व्हायचा असतो, मुलांचे डबे आणि आईची औषधेही त्याच वेळात बसवायची असतात. आपापल्या घरी हे कसे जमवले, किंवा का जमले नाही, ते सर्वांनी तपशिलासह लिहावे. सुरुवात मी करतो.

पुणे, वय ५४

२०१८ साली मी पहिल्यांदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चाललो. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास, आणि त्यातही पुणे ते सासवड हा टप्पा एका दिवसात तीस किलोमीटरांहून अधिक, वाटेत दिवेघाटाचा चढ. एखाद्या रविवारी वीस किलोमीटर चालणे वेगळे आणि आदल्या दिवशीचे पाय दुखत असताना दुसऱ्या पहाटे पुन्हा निघणे वेगळे, हे एका जुन्या वारकऱ्यांनी बजावल्यामुळे मी फेब्रुवारीपासून शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब चालू लागलो. ओल्या मोज्यांनी फोड येतात म्हणून मोज्यांचे तीन जोड, अर्धा नंबर मोठे बूट, पाठीवर मोजके सामान, अशी सगळी तयारी केली. वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणारा माउलींचा अश्व, पाहताना मला जे भरून आले ते शब्दांत मांडता येणार नाही.

परतल्यावर सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितले, "तुमची वारी झाली, पण माझे चालणे फेब्रुवारीपासून बंद आहे." ते अक्षरशः खरे होते. माझ्या प्रत्येक लांब फेरीच्या वेळी आईला उठवणे, चहा, डबे, शाळेची बस हे सगळे त्यांनी एकटीने केले होते, आणि त्यांचा रक्तदाब त्याच उन्हाळ्यात वाढलेला निघाला. माझ्या साधनेचा खर्च दुसऱ्याच्या शरीरातून होत होता आणि ते माझ्या ध्यानीमनीही नव्हते, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवारची पहाट त्यांची. त्या दिवशी पोळ्या मी लाटतो आणि पाठ असलेला हरिपाठ लाटता लाटताच म्हणतो. आसनावर बसून म्हणण्याइतकी एकाग्रता त्यात येत नाही, हे मान्य करतो, परंतु खंड पडत नाही. २०२२ साली मी सासवडपर्यंतच चाललो. २०२३ साली त्या लोणंदपासून पंढरपूरपर्यंत मैत्रिणींच्या दिंडीत चालल्या आणि मी घरी आईजवळ राहिलो.

ठाणे, वय ४१

मी २०१६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. दिवसाला सुमारे दहा तास ध्यान आणि संपूर्ण मौन. शिबिर संपताना घरी रोज सकाळी व संध्याकाळी एकेक तास बसावे, असे सांगितले जाते. घरी माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मी दार लावून बसले की तो बाहेर उंबऱ्याशी बसून राहायचा, रडायचा नाही, फक्त "झालं का?" असे मधूनमधून विचारायचा. त्या तासात माझे लक्ष श्वासापेक्षा दाराकडेच अधिक असे. शेवटी मी संध्याकाळची बैठक थांबवली आणि तो तास त्याच्यासोबत मैदानावर घालवू लागले. त्याच्या मागे धावता धावता माझे धावणे सुरू झाले, आणि पुढे पाठदुखीसाठी डॉक्टरांनी सुचवल्यावरून आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायामही आला. सकाळची बैठक टिकली आहे. संध्याकाळच्या तासाची उणीव मात्र अजूनही जाणवते, आणि धावण्याने ती भरून निघाली असे मी म्हणणार नाही.

सोलापूर, वय ५८, मधुमेह

आमच्या घरी दोन्ही एकादशा कडक पाळतात. एका एकादशीला मी नेहमीची मधुमेहाची गोळी घेतली, काही न खाता तासभर चालून आले आणि देवासमोर बसल्यावर दरदरून घाम फुटून हात थरथरू लागले. साखर ५८ निघाली. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ल्यावर तीच साखर अडीचशेच्या वर गेली. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारायला हवे होते, ते मी विचारले नव्हते. आता त्यांनी गोळ्या ठरवून दिल्या आहेत. सकाळी थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही घेऊन मग हळू चालते. साबुदाणा चार चमच्यांपुरता. सासूबाईंना हे आधी पटले नाही. परंतु त्या दिवशी माझे थरथरणारे हात त्यांनीच धरले होते, त्यामुळे पुढच्या एकादशीला भगर त्यांनीच शिजवली.

*(पुण्याहून: ताई, भगरीने साखर किती वाढते ते आपण मोजले आहे का? माझ्या आईसाठी विचारतो.)*

मोजले आहे. वाटीभर खाल्ली तर माझी साखर भातासारखीच वाढते, म्हणून अर्धी वाटीच घेते आणि आमटी अधिक. आईंचे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रत्नागिरी, वय ३६

रमजानमध्ये मी धावण्याचे अंतर वाढवत नाही. तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज, झाल्यावर चाळीस मिनिटे संथ धावतो, कारण तेव्हा पाणी पिता येते. पूर्वी इफ्तारच्या आधी धावायचो, त्यामुळे घरातले सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असताना मी थकून आडवा पडलेला असायचो; मुलीने एकदा विचारले, "अब्बा, तुम्ही आमच्यासोबत रोजा का सोडत नाही?" त्या दिवसापासून वेळ बदलली. सहरीचे जेवणही आता मीच गरम करतो.

सांगली, वय ४९

वरचे सगळे वाचले. माझ्याकडे वाटून घ्यायला पहाटच नाही. आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून आहे, मी एकटीच आहे, आणि दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या सहा महिन्यांत माझी कंबर धरली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी कमरेतून न वाकता गुडघ्यांतून बसून, आईला स्वतःच्या अंगाजवळ घेऊन कसे वळवायचे ते शिकवले, आणि त्यासाठी मांड्या बळकट हव्यात म्हणून खुर्चीवरून उठबस करायला सांगितली. रोज पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. एवढाच माझा व्यायाम.

नाम मी कूस बदलताना घेते. आईला आता फारसे बोलता येत नाही, पण मी "विठ्ठल" म्हटले की तिचे ओठ हलतात. रात्री दोनच्या वेळी मी कधी झोपेच्या गुंगीत नाम घ्यायला विसरले, तर ती माझा हात दाबते.