मदत हवी आहे : १९९५ साली कोबेत राहिलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. जपानच्या १९९५ सालावर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. १७ जानेवारीला पहाटे ५:४६ला कोबेचा भूकंप, ६,४०० हून जास्त बळी. सावरायच्या आत, २० मार्चला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या धार्मिक पंथाच्या लोकांनी सारिन हा विषारी वायू सोडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पिशव्या छत्रीच्या टोकानं फोडल्या, तेही ऐन ऑफिसच्या गर्दीत! वाचताना अजून काटा येतो. १५ ऑगस्टला पंतप्रधान मुरायामांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या आक्रमणाबद्दल माफी मागितली, ते थोडक्यात घेणार आहे.

माझा जीव अडकलाय तो कोबेत. नागाता भागात चपला-बुटांचे छोटे कारखाने आणि दाटीवाटीची लाकडी घरं आगीत गेली. सरकारी मदत रखडली, तेव्हा देशभरातून स्वयंसेवक धावून आले. जपानमध्ये हे वर्ष स्वयंसेवेची सुरुवात मानतात, आणि मला ते पटतं.

कोबेत तेव्हा बरीच भारतीय कुटुंबं होती. त्यांतलं मराठी कुणी तुमच्या ओळखीत आहे का? पाणी, गॅस बंद असताना दिवस कसे काढले, शेजारीपाजारी कसे वागले, एवढंच विचारायचंय. त्या वेळची पत्रं किंवा मराठी वर्तमानपत्रांतली कात्रणं कुणी जपली असतील तर कृपया कळवा. जपानीतल्या आठवणी वाचून अर्थ सांगणारं कुणी भेटलं तरी फार मदत होईल.