अमेरिकेची राज्यघटना ग्रंथांतून आली की गावसभांतून?

अनघा_सातारा: एम.ए.च्या सेमिनारसाठी अमेरिकन राज्यघटनेचा उगम हा विषय घेतलाय. जे वाचते त्यात इंग्रज विचारवंत लॉक आणि फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू ही दोनच नावं पुन्हा पुन्हा येतात. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ जणांनी खरंच यांच्या ग्रंथांवरून घटना उभी केली का?

नदीकाठची: ग्रंथांचं ऋण आहेच. तेव्हा फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत असलेल्या जेफरसनने पॅरिसहून धाडलेली पुस्तकं वाचून, घटनेचा एक प्रमुख शिल्पकार मॅडिसनने जुन्या-नव्या राज्यसंघांवर टिपणं काढली होती. सत्ताविभाजनासाठी तो माँतेस्क्यूचा आधार घेतो, पण प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं हे माँतेस्क्यूचं म्हणणं मात्र खोडून काढतो.

तरी माझ्या मते या घटनेचं मूळ शोधायचं तर गावसभांचे ठराव वाचावेत. मी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते, कॉनकॉर्ड गाव जवळच आहे. १७७६ मध्ये विधिमंडळाने गावांना विचारलं, राज्याची घटना आम्हीच लिहू का? ऑक्टोबरात कॉनकॉर्डने ठराव करून साफ नकार दिला. घटना असते ती राज्यकर्त्यांपासून लोकांचे हक्क राखायला. जे मंडळ ती लिहील, तेच ती उद्या बदलेल, मग राखण कसली? त्यासाठी वेगळी सभा निवडा, असं गावकऱ्यांनी कळवलं. किती स्वच्छ विचार! विधिमंडळाने तरीही १७७८ मध्ये मसुदा पुढे केला. गावांनी तो फेटाळला. मग खास सभा निवडली गेली, मसुदा मुख्यतः पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्सने लिहिला, गावोगावी त्यावर चर्चा झाली आणि १७८० मध्ये तो मंजूर झाला. दुरुस्त्यांसह तीच घटना इथे आजही लागू आहे. पुढे १७८७ च्या घटनेलाही मान्यता दिली ती राज्याराज्यांतल्या खास सभांनी, विधिमंडळांनी नव्हे.

वकील_नागपूर: इंग्लंडला विसरू नका. भरमसाट जामीन, भरमसाट दंड, क्रूर शिक्षा यांना मनाई करणारं १६८९ च्या इंग्लिश हक्क-कायद्यातलं वाक्य अमेरिकन घटनेच्या १७९१ च्या आठव्या दुरुस्तीत जवळपास जसंच्या तसं आहे. शिवाय लेखी सनदेखाली कारभार करायची सवय वसाहतींना आधीपासूनच होती. मॅसॅच्युसेट्सची १६२९ ची सनद तर ईस्ट इंडिया कंपनीसारख्याच एका व्यापारी कंपनीला दिलेली. कनेक्टिकट स्वातंत्र्यानंतरही १८१८ पर्यंत जुन्या राजसनदेच्याच चौकटीत चाललं.

अनघा_सातारा: दोघांचे आभार. पण गुलामगिरीचं काय? गावसभेतल्या त्या हक्कांत गुलाम कुठे बसत होते?

नदीकाठची: हा प्रश्न सेमिनारमध्ये नक्की मांडा. १७८७ च्या घटनेने राज्यांची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असा हिशेब धरला, आणि त्यातून अमेरिकी संसदेच्या लोकसभागृहात जागा वाढल्या त्या मालकांच्या राज्यांच्या. हा अन्याय घटनेतच लिहिलेला होता. पण मॅसॅच्युसेट्सच्या घटनेचं पहिलं कलम म्हणतं, सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. शेफील्ड गावातल्या एका घरात गुलाम असलेली बेट, म्हणजे पुढची एलिझाबेथ फ्रीमन, तिने १७८१ मध्ये नेमक्या याच कलमावर दावा लावला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ज्यूरीने तिला मुक्त केलं आणि मालकाकडून ३० शिलिंग भरपाईही देववली.