डीपॉल बास्केटबॉल: यंदा आशा धरायला खरंच जागा आहे का?

लिंकनपार्ककर (धागाकर्ता)
२०२५-२६ चा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून धागा काढतोय. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचा पुरुष संघ एनसीएए स्पर्धेत (अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत) शेवटचा खेळला २००४ साली. प्रशिक्षक रे मेयर यांनी ४२ वर्षं घडवलेला, १९४३ आणि १९७९ ला फायनल फोर (त्या स्पर्धेतले शेवटचे चार संघ) गाठलेला हा संघ २०२३-२४ मध्ये ३-२९ (३ विजय, २९ पराभव) वर घसरला. बिग ईस्ट या आपल्या लीगमध्ये तर ०-२०. मग ख्रिस होल्टमन प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२४-२५ मध्ये १४-२०. लीगच्या हंगामाअखेरच्या बिग ईस्ट स्पर्धेत जॉर्जटाउनला हरवलं, क्रेटनला दोन ओव्हरटाइमपर्यंत झुंजवलं आणि ८१-८५ असे हरले. एका वर्षात ११ विजय वाढले. ही सुधारणा खरी आहे असं माझं मत.

झोन२३
सहमत नाही. ते १४ विजय जरा सोलून बघा. लीगबाहेर ९-२, लीगमध्ये ४-१६, बिग ईस्ट स्पर्धेत एक. सुरुवातीचे सात सामने ओळीने जिंकले, पण समोर कोण होतं? प्रेअरी व्ह्यू, ईस्टर्न इलिनॉय, व्हाल्परायझो. एनसीएए आपल्या 'नेट' या संघक्रमवारीवरून सामन्यांचे चार क्वाड्रंट (गट) पाडते, पहिला सर्वांत अवघड. घरच्या मैदानावर १६१ वा किंवा त्याखालचा संघ हरवला तर तो चौथ्या क्वाड्रंटचा विजय. एनसीएए स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती त्याला फारसं विचारत नाही. पहिल्या क्वाड्रंटसाठी घरी पहिल्या ३० मधला, तटस्थ मैदानावर ५० मधला आणि बाहेर ७५ मधला संघ हरवावा लागतो. आठवा सामना टेक्सास टेकशी झाला आणि फुगा तिथेच फुटला.

आणि तुलना करायचीच तर लुईव्हिल विद्यापीठाशी करा. दोघांनीही २०२४ च्या वसंतात प्रशिक्षक बदलला, दोघांनीही जवळपास अख्खा संघ ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) उभा केला. लुईव्हिल ८-२४ वरून २७-८ वर गेलं, त्यांच्या एसीसी लीगमध्ये १८-२. मग डीपॉलचे १४ विजय कसले कौतुकाचे?

रिबाउंड_राव
लुईव्हिलचं उदाहरण इथे गैरलागू. तिथे २२ हजारांचं स्टेडियम, १९८० आणि १९८६ ची विजेतेपदं, आणि पडत्या काळातही पैसा ओतणारे देणगीदार. डीपॉलचं विंट्रस्ट अरीना दहा हजारांचं, तेही कॅम्पसपासून लांब. विद्यार्थ्याला फुलरटनहून मेट्रोची रेड लाइन पकडायची, रूझवेल्टला उतरून ग्रीन लाइनने सर्माक-मॅकॉर्मिक प्लेस गाठायचं. मंगळवारी रात्री, जानेवारीच्या थंडीत, ०-१२ वर असलेल्या संघासाठी कोण जाईल?

दुसरं, दुखापत विसरू नका. ड्रेक विद्यापीठातून आलेला पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) कॉनर एनराइट खांदा दुखावून हंगामाच्या मध्यातच बाहेर बसला. मुख्य चेंडूवाहक गेला की दडपणाखाली चेंडू गमावणं वाढतं, शॉट क्लॉक (फटक्यासाठी ठरलेली वेळ) संपताना वेडेवाकडे फटके मारावे लागतात. त्या ४-१६ मध्ये याचा वाटा आहेच.

झोन२३
आणि तोच एनराइट आता इंडियाना विद्यापीठाला गेला! एप्रिल २०२४ पासून अभ्यासाची अट पूर्ण केली की कितीही वेळा विद्यापीठ बदला, वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. तुम्ही घडवायचं आणि मोठ्या विद्यापीठाने उचलायचं. आशा नेमकी कोणावर ठेवायची, जर्सीवर?

लिंकनपार्ककर
पण सगळेच गेले नाहीत. सी. जे. गन, लेडन ब्लॉकर, एन. जे. बेन्सन राहिले. संघ किती टिकला हे मोजणं सोपं आहे. एका सामन्यात ४० मिनिटं गुणिले ५, म्हणजे २०० खेळाडू-मिनिटं. परतलेल्यांची गेल्या हंगामातली एकूण मिनिटं भागिले संघाची एकूण मिनिटं. ०-२० नंतर हा आकडा जवळजवळ शून्य होता.

पैशाचंही गणित बदललंय. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट मानधन देऊ शकतात, पहिल्या वर्षी मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. अमेरिकन फुटबॉलवाल्या विद्यापीठांत त्यातला मोठा हिस्सा फुटबॉल खातो. डीपॉलला फुटबॉल संघच नाही.

झोन२३
बिग ईस्टमधल्या मार्केट, क्रेटन, सेंट जॉन्स, प्रॉव्हिडन्स, झेव्हियर, सीटन हॉल यांना तरी कुठे आहे? लीगच्या वीसपैकी बारा सामने यांच्याशीच खेळायचेत. मर्यादा आहे म्हणजे तिजोरीत तेवढे आहेत असं नव्हे.

पझेशन_मोजणारा
दोघेही जय-पराजयावर अडलात. नोव्हेंबरात निकाल बाजूला ठेवून बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) उघडा. पझेशन (संघाकडे चेंडू किती वेळा आला) = फटके − आक्रमक रिबाउंड (आपलाच हुकलेला फटका परत मिळवणं) + गमावलेले चेंडू (टर्नओव्हर) + ०.४७५ × फ्री थ्रो. समजा ५८ फटके, ९ आक्रमक रिबाउंड, १३ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो: ७१.५ पझेशन. म्हणजे १८ टक्के पझेशन टर्नओव्हरमध्ये गेले, बिग ईस्टसाठी जास्तच. हा आकडा दुबळ्या संघांविरुद्धही १६ च्या खाली येत नसेल तर ७-० झालं तरी हुरळू नका.

प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणांचे फटके किती टक्के आत गेले, यावरून बचावाला शिव्या घालू नका. त्यात नशीब बरंच. त्यांनी असे फटके किती घेतले ते बघा, ते बचावाच्या हातात असतं.

रिबाउंड_राव
+१. शिवाय आक्रमक रिबाउंडसाठी दोघं आत धावले की उलटा फास्ट ब्रेक (झटपट प्रतिहल्ला) बसतो. एक उंच खेळाडू आत, बाकीचे मागे, हे जमतंय का बघायचं.

झोन२३
बघू. माझी अट साधी: लीगमध्ये आठ विजय. अकरा संघांत पहिल्या पाचांना बिग ईस्ट स्पर्धेची पहिली फेरी खेळावी लागत नाही, डीपॉल त्या पाचांच्या आसपास दिसू दे.

लिंकनपार्ककर
चारवरून थेट आठ? मी सहावर खूश आहे, त्यातले दोन बाहेरच्या मैदानावर हवेत.