हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड, सांदण : तुमचे आडवाटांचे अनुभव लिहा

मीनल_डोंगरे
काल रात्री भाच्याचा फोन, मावशी, हरिश्चंद्रगडला पाचनईवरून जाऊ की खिरेश्वरवरून? त्याला दोन वाक्यांत उत्तर हवं होतं, मी बोलतच सुटले आणि बिचाऱ्याचं जेवण गार झालं. फोन ठेवला तरी डोक्यातून जाईना म्हणून इथे धागा काढतेय.

आम्ही कॉलेजात असताना गेलो होतो, पावसाळ्यात. कल्याणहून आळेफाट्याची एसटी, माळशेज चढून खुबी फाट्याला उतरायचं आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने मिट्ट अंधारात खिरेश्वरपर्यंत चालायचं. नागेश्वराच्या देवळात झोपलो, म्हणजे कुडकुडत बसलो. सकाळी तोलार खिंड, तिथला दगडात कोरलेला वाघ बघितला, मग तो कातळाचा टप्पा. रेलिंग आहेत तिथे पण ओल्या कातळावर एका हाताने रेलिंग आणि दुसऱ्या हाताने मैत्रिणीची सॅक असं सगळं. खरी मजा वर. वरच्या पठारावर त्या सात टेकड्या, प्रत्येक टेकडी शेवटचीच वाटते, आणि धुकं असं की पुढचा माणूस फक्त शिंकला की कळतो. वाट कधीच सुटली होती. तेवढ्यात समोरून डोक्यावर इरलं घेतलेले एक मामा आले, आमच्याकडे बघितलं, काही न बोलता मागे वळले आणि चालायला लागले. आम्ही मागोमाग. थेट देवळापाशी नेऊन सोडलं. तिथे कळलं की त्यांना खाली खिरेश्वरला जायचं होतं! चहा घ्या म्हटलं तर नको, उशीर झाला म्हणाले आणि परत त्याच धुक्यात गेले. नावही विचारलं नाही आम्ही.

तर लिहा. याच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं हवं असं नाही, पण असेल तर बरं.

चहाबाज
भाच्याला सांग पाचनई. वाट सोपी, डावीकडे अख्खी कातळभिंत डोक्यावर झुकलेली आणि मध्येमध्ये लिंबूसरबत. आता तर एवढी दुकानं झालीत की मी मागच्या वेळी चढताना जेवढं वजन घटवलं तेवढं भज्यांनी जागच्या जागी भरून काढलं.

निशा_ठाणे
खिरेश्वरच करू दे त्याला. तरुण पोरं आहेत, पाचनईने काय जायचं 😄

पिंट्या_सांदणवाला
सांदण दरी!!! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. साम्रद गावातून खाली उतरलो डिसेंबरात. दोन्ही बाजूला सरळ उभे कडे आणि मध्ये काही ठिकाणी दोन हात पसरले की दोन्ही भिंती लागतात, ऊन खाली पोचतच नाही. सुरुवातीलाच पाणी, पहिलं गुडघ्यापर्यंत, दुसऱ्यात मी कमरेपर्यंत आणि आमचा बुटका मित्र छातीपर्यंत, तो डोक्यावर मोबाईल धरून देवाचं नाव घेत होता आणि मागून एक काकू सलवार खोचून आरामात पार. पुढे सगळे घरंगळलेले धोंडे, कुठे बसून सरकायचं कुठे ढोपराने चढायचं. आम्ही दोर लावून खाली डेहण्याच्या बाजूला उतरलो, घरी आल्यावर तीन मजले जिना चढायला बायकोचा खांदा लागला. पावसाळ्यात अजिबात नको हां, वरून पाण्याचा लोंढा आला तर बाजूला व्हायला जागाच नाही तिथे.

अनघा_प
आमच्या सासूबाईंनी नवस केला होता म्हणून नवरात्रात कळसूबाई. मी महिनाभर जिम, नवे शूज, एनर्जी बार वगैरे. बारी गावातून निघालो तर आजूबाजूच्या गावांतल्या बायका नऊवारीत, अनवाणी, एकीच्या कडेवर पोर, गप्पा मारत मला ओलांडून गेल्या. लोखंडी शिड्यांवर तर रांग. एका शिडीवर मी मध्येच थांबले, खाली बघितलं आणि पाय हलेना. मागची आजी म्हणाली, "बाय, वर देवी हाय, खाली काय बघती?" चढले गुपचूप. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, वर देवळाएवढीच जागा आणि वारा असा की ओटीतले तांदूळ निम्मे उडाले. सासूबाई खाली येऊन म्हणाल्या पुढच्या वर्षी पण येऊ. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

चहाबाज
@अनघा सासूबाईंना साष्टांग 🙏

घोटीकर
भंडारदऱ्याकडून परत येताना राजूरला थांबून पेढे घेतले का कुणी? नसतील घेतले तर ट्रेक धरला जाणार नाही.

निशा_ठाणे
घेतले. कसाऱ्याला लोकलमध्ये बसेपर्यंत संपले.

पिंट्या_सांदणवाला
साताऱ्याचे कंदी पेढे जास्त भारी. (पळतो)

घोटीकर
धाग्याचा विषय ट्रेक आहे म्हणून सोडून देतोय तुला.

सारंग_न्यूजर्सी
इथल्या ट्रेल्सवर झाडांवर रंगाच्या पट्ट्या मारलेल्या असतात, पट्टी बघायची आणि चालायचं, हरवायचं म्हटलं तरी कठीण. छान असतं सगळं, पण मुक्कामाला कुणाच्या ओसरीवर पिठलं-भाकरी नाही. रतनवाडीत खाल्लेली नाचणीची भाकरी आणि ठेचा आठवला की इकडचा ग्रॅनोला घशाखाली उतरत नाही. रतनगडाला जाताना आधी अमृतेश्वराचं देऊळ, मग प्रवरेचाच ओढा पुन्हा पुन्हा ओलांडायचा, दाट झाडी, मग त्या शिड्या. शेवटच्या शिडीखाली माकडाने माझी पिशवी नेली, त्यात परतीचं सगळ्यांचं तिकीट आणि चिवडा. चिवडा खाल्ला, तिकिटं खाली टाकली. शहाणं माकड. वर नेढ्यात बसलो होतो अर्धा तास, डोंगराला आरपार भोक आणि त्यातून येणारा वारा, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नव्हतं. बाबा तेव्हा बरोबर होते. आता ते गुडघ्यामुळे बिल्डिंगखाली पण उतरत नाहीत, फोनवर नेढ्याचा विषय निघाला की मात्र दहा मिनिटं खुलतात.

मीनल_डोंगरे
@सारंग बाबांकडूनच लिहून घे ना, तू टाईप कर. आमच्या पिढीला त्यांच्या वेळचं ऐकायला आवडेल. एसटीचं तिकीट किती होतं इथपासून.

अकोल्याचा_पोरगा
मी या भागातलाच, अकोले तालुक्यातला. सगळं वाचतोय, मजा येते. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणता ती आमची बाजाराला जायची वाट होती ओ. माझी आजी घाटाने तांदूळ डोक्यावर घेऊन खाली कोकणात उतरायची आणि मीठ, सुकट घेऊन वर यायची. आता पोरं गाईड झाली, घरात जेवण करून देतात, दोन पैसे येतात, चांगलंच आहे. पण सोमवारी सकाळी वाटेवरून बाटल्या गोळा करायला शाळेतली पोरं जातात, ते कुणाच्या फोटोत येत नाही.
आणि काजव्यांचं बोलायचंय. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आधी हिरडा, सादडा, जांभळीची झाडं लुकलुकतात. तो उजेड नर-मादीचा एकमेकांना इशारा असतो. तुम्ही गाडीचे हेडलाईट, मोबाईलची बॅटरी, वर डीजे लावला तर त्यांना एकमेकं दिसणार कशी? गाडी लांब लावा आणि अंधारात गप उभं राहा, बास.

अनघा_प
+१००. आम्ही गेलो तेव्हा मागचा एक माणूस काजवा बाटलीत भरत होता. त्याच्या मुलीनेच त्याला झापलं.

निशा_ठाणे
@अकोल्याचा_पोरगा तुमच्याकडचा काळभात तांदूळ कुठे मिळेल? आईला हवाय.

अकोल्याचा_पोरगा
ताई, तालुक्यात या, मिळेल. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, बीजमाता, पद्मश्री मिळाली २०२० ला, त्यांच्यामुळे जुनं बियाणं परत घरोघरी लावायला लागलेत लोक.

कुलकर्णी_काका६७
हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा राहिला. पोटावर झोपून खाली डोकवायचं, उभ्याने नाही. कडा आत वळलेला असल्यामुळे खालून वारा उसळतो, आम्ही गवताच्या काड्या टाकल्या त्या परत तोंडावर आल्या. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधे स्वतःची सावली. सूर्य पाठीमागे आणि समोर दरीत ढग असं जुळून यायला लागतं. मी अनेक वर्षं जातोय, मला फक्त ढग दिसले आणि एकदा तर ढगसुद्धा नाही. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच उभा आहे, लिंगाभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी, त्यातून प्रदक्षिणा घातली की सायटिका जातो असं आमचे मित्र म्हणतात. त्यांचा गेलेला नाही.

पिंट्या_सांदणवाला
काका नळीच्या वाटेने गेलात का कधी? बेलपाड्यातून?

कुलकर्णी_काका६७
गेलो, पन्नाशीच्या आत असताना. धोंडे, घसारा आणि समोर वरपर्यंत कोकणकडा. माहीतगार माणूस आणि दोर असल्याशिवाय जाऊ नका. बाकी सविस्तर नंतर, नातवाला क्लासला सोडायचंय.

गौरी_टाईपतेय
सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. पाचनईवरून आठ वर्षांच्या मुलाला नेता येईल का? चालतो बऱ्यापैकी पण दर दहा मिनिटांनी "अजून किती" विचारतो.

चहाबाज
नेता येईल. पावसाळा उतरल्यावर न्या, ऑक्टोबर-नोव्हेंबर, हिरवं पण असतं आणि कातळ वाळलेला. पहाटे निघा, एक जादा कपड्यांचा जोड. "अजून किती"ला उत्तर म्हणून भजी दाखवा.

गौरी_टाईपतेय
भजी चालतील. शिट्टी झाली, आले.